पंचवीसचा शाफ्ट

अर्पिता वही घेऊन आली तेव्हा
माझ्या नखांत अजून कूलंट होतं.
साबणानं जात नाही ते, रविवारीही जात नाही.
"पप्पा, नदाफ सरांनी वजा सातला
दोन उभ्या रेषांत कोंडलं,
आणि बाहेर काढलं तर नुसता सात.
वजा गेला कुठं?"

मी दहावी, मग आयटीआय,
मग कुपवाडला लेथवर बावीस वर्षं.
वहीवर वर लिहिलं होतं: केवल मूल्य.
केवल म्हटलं की आमच्या घरात
आधी केवलज्ञान आठवतं,
बस्तीतली घंटा, अष्टमीचा उपास.
"त्यातलं नव्हे," पोरगी म्हणाली,
"हे पाच मार्कांचं."

मग रेषा नीट बघितल्या.
ओळखीच्या वाटल्या.
उठलो, फडताळातली लाकडी पेटी काढली,
जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेला
माझा स्वतःचा मायक्रोमीटर.
हे बघ, एक जबडा हा, एक हा.
मधे काहीही धर,
पेन्सिल, तुझी बांगडी, आईची सुई.
हा विचारत नाही कुठनं आलीस,
डावीकडनं की उजवीकडनं.
किती आहेस, एवढंच.
कुठल्या वस्तूची जाडी यानं मला
वजा सांगितलेली नाही आजवर.

विश्रामबागच्या स्टॉपवर उभी राहा.
सांगली एका हाताला, मिरज दुसऱ्या.
तू मिरजेला वजा म्हण हवं तर
(हळू म्हण, मिरजेची मावशी ऐकेल),
पण कंडक्टर काय त्या बाजूला जाताना
उलटे पैसे देत नाही आपल्याला.

ती हसली. तिचं गणित सुटलं.
माझं नाही सुटलं.

कारण पंपाचा शाफ्ट असतो पंचवीसचा.
दोन शतांश वर चालतो, दोन शतांश खाली चालतो.
पंचवीसपासून फरक किती,
इन्स्पेक्शनच्या मालन चौगुले तेवढंच लिहितात,
त्यांच्या रकान्याला बाजू नाही.
पण तीन शतांश झाले की?
तीन जास्त, तर जॉब परत माझ्याकडं,
एक बारीक कट, केसाएवढी चीप, झालं.
तीन कमी, तर मालनबाई
लाल रंगाचा ब्रश ओढतात
आणि तो निळ्या पिंपात जातो. ठण्ण.
काढलेलं लोखंड परत चिकटत नाही.
कागदावर दोघांपुढं तीनच.
कुठला कुठला ते कळायला
जॉब हातात घ्यावा लागतो.

दिवाळीआधीच्या घाईत
मी असे अकरा कमी कापले होते.
मालनबाई एक शब्द बोलल्या नाहीत,
ब्रश तेवढा अकरा वेळा बुडवला.
त्यातला एक मागून घरी आणला.
पंख्याखाली अर्पिताच्या वह्या उडू नयेत
म्हणून तो वर ठेवलेला असतो.
चोवीस पूर्णांक सत्त्याण्णव.
लाल रंग तिनं कंपासच्या टोकानं
खरवडून टाकलाय केव्हाच.

"उलटं विचारू?" मी म्हणालो.
"रेषांच्या बाहेर तीन आलं,
तर आत कोण होतं?"
"दोघं," ती लगेच म्हणाली,
"तीन नाहीतर वजा तीन.
दोन्ही लिहायची असतात,
एकच लिहिलं तर अर्धा मार्क जातो."
अर्धाच?
मालनबाईंना सांगायला पाहिजे.

दिवा गेल्यावर आतनं आवाज आला,
"आणि शून्याचं, पप्पा?"
पेटी अजून मांडीवरच होती.
अंधारातच रॅचेट फिरवला,
जबडे जबड्याला टेकले, मधे काही नाही.
टिक, टिक, टिक.
"ऐकलंस? हे रोज सकाळी बघायचं असतं,
काम हातात धरायच्या आधी."